चीज करणाऱ्या घरचा कार्लो



फुटबॉल हा काही आपल्या पारावरचा विषय नव्हे. तरी या खेपेला खते-बियाणे बाजूला ठेवून कार्लो आन्चेलोत्ती या इटालियन गृहस्थांविषयी लिहितो, कारण ते शेतकऱ्याच्या घरचे आहेत.

उत्तर इटलीतल्या रेज्जोलो गावी १९५९ साली त्यांचा जन्म झाला. घरी शेती आणि पार्मेझान चीजचा धंदा. हे चीज गुळाच्या ढेपेसारखे गोल असते. एका ढेपेला सुमारे ५५० लिटर दूध लागते, वजन ४० किलोंच्या आसपास भरते आणि निदान बारा महिने मुरल्याशिवाय ती विक्रीला जात नाही. आपल्याकडे दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो. तो दोन दिवस लांबला तरी घरात कुरबुर सुरू होते. तिथे वर्षभर गाईंपुढे वैरण टाकायची आणि पैशाची वाट पाहायची!

हा धीर पुढे उपयोगी पडला. रोमा संघात ते मधल्या फळीत खेळत. म्हणजे मागे बचाव करणारे, पुढे गोल करणारे, आणि दोन्हीकडच्या कामाला धावणारे हे मधले. १९८१ मध्ये गुडघा गेला. १९८२ मध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, त्या संघात ते नव्हते. १९८३ मध्ये रोमाबरोबर इटलीचे अजिंक्यपद मिळाले आणि त्याच वर्षी पुन्हा गुडघ्याने दगा दिला. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हे १९८७ मध्ये मिलान संघात गेले आणि १९८९ व १९९० असे दोनदा युरोपचा चषक जिंकले.

प्रशिक्षक झाल्यावरची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पार्मा संघात असताना त्यांची खेळाडू उभे करण्याची मांडणी पक्की होती: मागे चार, मध्ये चार, पुढे दोन. १९९७ मध्ये रोबेर्तो बॅज्जोसारखा नामांकित खेळाडू यायला तयार होता. पण मांडणीत बसत नाही म्हणून यांनी नकार दिला. ती चूक होती, हे पुढे त्यांनीच कबूल केले. मग युव्हेंतुस संघात झिदानसाठी त्यांनी मांडणीच बदलली. मिलानमध्ये पिर्लोला पुढच्या जागेवरून मागे आणले आणि तिथून तो सगळा खेळ चालवू लागला. जमीन पाहून पीक घ्या, असे आम्ही शिबिरांत सांगतो. पण पुस्तकातले पीक जमिनीवर लादणारे आमच्या खात्यातही आहेत, बरे का!

२००५ मध्ये इस्तंबूलला अंतिम सामन्यात मिलान मध्यंतरापर्यंत ३-० ने पुढे होता. लिव्हरपूलने सहा मिनिटांत तीन गोल फेडले आणि शेवटी पेनल्टीवर चषक नेला. दोन वर्षांनी अथेन्सला त्याच लिव्हरपूलला मिलानने २-१ ने हरवले.

प्रशिक्षक म्हणून युरोपचा हा मोठा चषक त्यांनी पाच वेळा जिंकला. इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी आणि स्पेन या पाचही देशांची अजिंक्यपदे मिळवणारे ते पहिले प्रशिक्षक. मे २०२५ मध्ये ब्राझीलने त्यांना राष्ट्रीय संघासाठी बोलावले. १९९४ च्या विश्वचषकात इटली अंतिम सामना हरली, ती याच ब्राझीलकडून. तेव्हा आन्चेलोत्ती इटलीचे सहायक प्रशिक्षक होते.