‘पळ’ म्हणण्याआधी ‘थांब’ ठरवा

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असे, तर पुरुषांनी ५४-३६ असे हरवले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. माझ्यासारख्या खो-खोच्या शौकिनाला त्या दिवशी घरात बसून ओरडण्यावाचून दुसरे काही सुचले नाही. टीव्हीसमोर बसून ‘अजून एक मिनिट काढ!’ म्हणून ओरडण्यात गैर काहीच नाही, कारण तो आवाज खेळाडूपर्यंत पोहोचत नाही.

तालुक्याच्या मैदानावर मात्र तो पोहोचतो. बारा-तेरा वर्षांचे पोर पळत असते आणि चुन्याच्या रेषेबाहेर त्याचे आईवडील उभे असतात. ‘पळ, थांबू नको’ हा आवाज बापाचा असेल, तर पायात त्राण नसले तरी पोर थांबत नाही. प्रेक्षकाला सामना हवा असतो आणि पालकाला मूल. सामना रंगात आला की एकाच माणसातल्या या दोघांपैकी प्रेक्षक वरचढ ठरतो. हा कुणाचा दुष्टपणा नव्हे, माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच मुलाने कधी थांबायचे, हे सामना सुरू होण्याआधी ठरलेले असावे.

अक्कलकुवा, मोलगी, धडगाव या पट्ट्यात हे सांगण्याला खास कारण आहे. इथल्या भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले, तर मुलाला सिकलसेल आजार होतो. एकाकडूनच आले, तर मूल ‘वाहक’ असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो. तो शेतात राबतो, डोंगर चढतो, खो-खो खेळतो. मात्र त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी साधारण चाळीस टक्के हिमोग्लोबिन सिकल प्रकारचे असते. शरीराला सवय नसताना एकामागून एक जोरदार धावा झाल्या, अंगातले पाणी कमी झाले, ऊन तापले, की स्नायूंमधला प्राणवायू घटतो आणि आम्लता वाढते. अशा वेळी तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकू शकतात. रक्त न मिळाल्याने स्नायू तुटू लागतात. त्यातून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडाला आणि हृदयाला घातक ठरतात. असे क्वचितच घडते, पण घडले तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

हा त्रास ओळखण्यात फसगत होते. पेटके आले की स्नायू दगडासारखा कडक होतो आणि मूल कळवळते. उष्माघातात ते बरळते, बेशुद्ध पडते. इथे मूल शुद्धीवर असते, बोलत असते. ‘पाय चालत नाहीत, मांड्या आणि कंबर दुखते’ एवढेच सांगते आणि मटकन खाली बसते. स्नायू हाताला मऊच लागतात. बघणाऱ्याला वाटते, पोर कंटाळले, नाटक करते आहे. मग ‘उठ, आळशीपणा करू नकोस’ अशी हाक येते. ती हाकच सर्वांत धोक्याची असते.

अमेरिकेत याची किंमत मोजून नियम झाले. तिथे कॉलेजच्या बास्केटबॉल आणि फुटबॉल संघांवर लोक आपल्याकडच्या क्रिकेटइतकाच जीव टाकतात. २००६ साली टेक्सासमधल्या राइस विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू डेल लॉइड हा १९ वर्षांचा तरुण सरावात ओळीने धावा काढल्यानंतर कोसळला आणि दगावला. तो सिकलसेल वाहक होता. त्यानंतर तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतील खेळाडूंच्या सिकलसेल तपासणीचा नियम केला. वाहकाला खेळातून काढणे हा त्यामागचा हेतू नव्हता. प्रशिक्षकाला माहिती असावी आणि खेळाडूला आपल्या वेगाने सराव करता यावा, एवढ्यासाठी तो होता.

लहान मुलांच्या बेसबॉलमध्येही असेच झाले. पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, किती चेंडू टाकणार हे पूर्वी प्रशिक्षकाच्या आणि पालकांच्या उत्साहावर सोडलेले असे. ‘लिटल लीग’ने २००७ पासून वयानुसार मर्यादा घातली. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी ती दिवसाला ७५ चेंडूंची आहे. सामना कितीही अटीतटीचा असो, आकडा भरला की दुसरा पिचर आणायचा. बाप हट्टाला पेटला तरी आकडा बदलत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, इतके जपले तर खेळाडू घडणार कसे? अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. वाहक सैनिकांत स्नायू तुटण्याचा धोका ५४ टक्के जास्त आढळला, पण मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हते. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उष्णतेबाबतचे नियम सगळ्यांनाच लागू असतात, ही गोष्ट इथे महत्त्वाची. म्हणजे नियम पाळून वाहक सैनिकसुद्धा होऊ शकतो, मग खो-खो का खेळू शकणार नाही?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तपासणीचा निकाल बाहेर फुटला तर मुलाला संघातून वगळतील, पुढे मुलीचे लग्न अडेल, ही आईवडिलांची भीती मी रोज ऐकतो. ती खोटी नाही. म्हणून कार्ड वर्गात सगळ्यांसमोर वाचायचे नसते. ते पालक, क्रीडाशिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यातच राहावे. आणि केवळ वाहक आहे म्हणून कुणालाही मैदानाबाहेर बसवू नये. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांचे वेगळे. त्यांनी किती आणि काय खेळावे, हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

इथल्या पालकांना खेळात नुसती हौस दिसत नाही, हे मी जाणतो. दहावीला सवलतीचे गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण, पोलीस भरतीची धाव. उसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबाला या वाटेने दुसरे आयुष्य मिळू शकते. म्हणूनच ती वाट सुरक्षित हवी.

करायचे काय, ते फार अवघड नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते. पहिली चाचणी सकारात्मक आली तरी तेवढ्यावर थांबू नये. मूल वाहक आहे की आजारी, हे पुढच्या चाचणीनंतरच कळते. कार्ड असेल तर ते पेटीत न ठेवता सराव सुरू होण्याआधी क्रीडाशिक्षकांना दाखवावे.

शिक्षकांनी सराव हळूहळू वाढवावा. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून पळवू नये, दोन धावांमध्ये विश्रांती द्यावी, पाणी मागण्याची वाट पाहू नये. शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणे बंदच करावे. ताप, हिवताप किंवा जुलाबातून उठलेल्या मुलाला पूर्ण बरे होईपर्यंत सरावात घेऊ नये. हे नियम सगळ्याच मुलांना लावले तर वाहक कोण, हे कुणाला शोधावेही लागत नाही.

मूल खाली बसले तर खेळ तिथेच थांबवा. त्याला चालवू नका. सावलीत न्या, अंग ओले करून गार करा, १०८ला फोन करा आणि वाहक असल्याचे आवर्जून सांगा. मोलगीचा घाट उतरायला वेळ लागतो, म्हणून ‘जरा वेळ बघू’ म्हणू नका. नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर तडक दवाखाना गाठा.

आणि घरून निघताना पोराला एवढे सांगा: ‘जमेना झाले तर हात वर कर आणि बस. मी विचारणार नाही का बसलास.’ त्यानंतर मैदानाच्या कडेला उभे राहून हवे तेवढे ओरडा.