तिसरे अपत्य, थोरली कन्या

रोझ केनेडी यांना नोंदी ठेवण्याची विलक्षण आवड होती. नऊ मुलांपैकी प्रत्येकाच्या नावाचे कार्ड त्यांच्या पेटीत असे. जन्मतारीख, वजन, कोणता आजार केव्हा झाला, लस केव्हा टोचली, दातांच्या डॉक्टरांकडे केव्हा नेले, हे सारे त्या लिहून ठेवीत. एखाद्या दक्ष गृहिणीची ती खतावणीच म्हणावी. पती जोसेफ केनेडी हेही हिशेबाचे पक्के. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते एका बँकेचे अध्यक्ष झाले आणि पुढे १९३४ मध्ये, अमेरिकेच्या शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचे पहिले प्रमुख. अशा काटेकोर घरात एका कार्डावरील नोंदी इतर आठांशी काही केल्या जुळेनात. ते कार्ड तिसऱ्या अपत्याचे, म्हणजे थोरल्या कन्येचे होते. तिचे नाव रोझमेरी.

तिचा जन्म १३ सप्टेंबर १९१८ रोजी बोस्टनलगतच्या ब्रुकलाइन येथे झाला. इन्फ्लुएन्झाच्या साथीचा तो काळ. डॉक्टर रुग्णांमध्ये अडकलेले, आणि ते येईपर्यंत परिचारिकेने प्रसूती जवळजवळ दोन तास रोखून धरली, असे तिच्या चरित्रात नमूद आहे. बाळ दिसायला गोंडस होते. परंतु बसणे, चालणे, बोलणे सारेच उशिरा आले. तिच्या आधीचे दोघे भाऊ झरझर पुढे गेले, पाठची बहीण शाळेत तिला मागे टाकून गेली. अशा मुलांना संस्थेत पाठवून मोकळे व्हावे, असा सल्ला त्या काळी सर्रास दिला जाई. आईवडिलांनी तो मानला नाही. पुढे जे घडले त्याचा विचार करताना ही गोष्ट विसरता कामा नये. या घरात प्रेमाची वाण नव्हती, पैशाची तर नव्हतीच.

भावंडांनी तिला सांभाळून घ्यावे, हा आईचा दंडक होता. नृत्याच्या कार्यक्रमाला थोरले भाऊ तिला सोबत नेत. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटी युनिस तिला शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत आपल्या होडीवर घेई. रोझमेरीला सांगितलेले काम समजे, पुढचे लहान शीड ती नीट सांभाळी, आणि जिंकणाऱ्या होडीत असणे तिला फार आवडे, असे युनिसने पुढे लिहून ठेवले आहे. कोणी तिच्यावर दया केली, असा सूर त्या आठवणीत कोठेही नाही. होडीवर एक जबाबदारी होती, ती तिच्याकडे होती, एवढेच.

१९३८ मध्ये जोसेफ केनेडी ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले आणि कुटुंब लंडनला गेले. त्या मे महिन्यात रोझमेरीला बकिंगहॅम राजवाड्यात राजाराणीसमोर सादर करण्यात आले. झुकून अभिवादन करताना तिचा पाय अडखळला, पण ती सावरली आणि पुढे गेली. हर्टफर्डशायरमधील एका माँटेसरी शाळेत मात्र ती खरोखर रमली. लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवण्याचे काम तिच्याकडे आले आणि ती उत्साहाने वडिलांना पत्रे लिहू लागली. तिच्या आयुष्यातील सर्वांत समाधानाचा काळ बहुधा हाच. तिला काय हवे होते याचे उत्तर त्या शाळेत सापडले होते. परंतु महायुद्धामुळे १९४० मध्ये तिला मायदेशी परतावे लागले आणि ते उत्तर मागेच राहिले.

परतल्यावर तिची चिडचिड वाढली. वॉशिंग्टनमधील ज्या निवासी शाळेत तिला ठेवले तेथून ती रात्री बाहेर निघून जाऊ लागली. तरुण, देखणी, भोळी मुलगी; वडिलांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. त्या भीतीत पुत्रांच्या राजकीय भवितव्याची काळजीही मिसळलेली होती. मेंदूवरील एका नव्या शस्त्रक्रियेचा त्या दिवसांत बराच गाजावाजा होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये, पत्नीला आधी न सांगता, जोसेफ यांनी तेवीस वर्षांच्या मुलीवर लोबोटॉमी करवून घेतली. शस्त्रक्रियेनंतर तिला चालता येईना आणि बोललेले कळेना. चालायला ती हळूहळू पुन्हा शिकली, परंतु वाचा पूर्वीसारखी कधीच परतली नाही.

हिशेबाच्या पक्क्या गृहस्थाने हा एक व्यवहार एकट्याच्या जबाबदारीवर केला, आणि तोच परत न फिरणारा निघाला.

यानंतर घरात तिचे नाव निघेनासे झाले. १९४९ पासून ती विस्कॉन्सिन राज्यातील जेफर्सन येथील सेंट कोलेटा या संस्थेत राहू लागली. तिच्यासाठी तेथे स्वतंत्र घर बांधले, सेवेला माणसे ठेवली. खर्चात कोठेही काटकसर नव्हती. बाहेर मात्र ती शिक्षिकेचे काम करते, एकान्तात राहते, असे सांगितले जाई. भावंडांपैकी बहुतेकांना ती नेमकी कोठे आहे हे बराच काळ ठाऊक नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये जोसेफ यांना पक्षाघात झाला, त्यांची वाचा गेली. त्यानंतरच ती बंद दारे उघडू लागली.

आपल्याकडील मोठ्या पेठांतील जुन्या वाड्यांना हे सारे अपरिचित नाही. स्थळ बघायला पाहुणे येणार असले की एखादा भाऊ त्या दिवशी आतल्या खोलीत किंवा मामाच्या गावी असतो. हेतू वाईट नसतो, धाकट्या बहिणीचे जमावे एवढाच असतो. पण नंतर लग्नपत्रिकेतून त्याचे नाव गळते, मग वाटणीपत्रातून. येथे कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे. आजार, व्यंग अथवा दोष या कारणावरून कोणालाही वारसाहक्कातून वगळता येत नाही, असे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे २८ वे कलम सांगते, आणि तो अधिनियम जैनांनाही लागू आहे. दुसरी गोष्ट अनेक सुशिक्षित घरांनाही माहीत नसते: मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आईवडिलांप्रमाणेच भाऊ किंवा बहीणही असा अर्ज करू शकते. खाते चालविण्यासाठी बँका ते प्रमाणपत्र ग्राह्य धरतात. वडील हयात असताना, सर्व भावंडे एकत्र बसलेली असताना हे काम उरकावे. तेराव्यानंतर त्याला वेगळाच रंग चढतो.

युनिसने जे केले ते यापुढचे होते. १९६२ च्या उन्हाळ्यात तिने मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर भरवले. पोहणे, घोड्यावर बसणे, चेंडू खेळणे, जे जे इतर मुले करतात ते सारे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एका अतिशय खपाच्या साप्ताहिकात तिने स्वनामाने लेख लिहून, राष्ट्राध्यक्षांची बहीण मतिमंद आहे आणि ती संस्थेत राहते, हे जगजाहीर केले. त्या लेखात शस्त्रक्रियेचा उल्लेख नव्हता; तेवढे धैर्य तिलाही झाले नाही, किंवा पित्याची लाज राखावीशी वाटली. तरी परिणाम मोठा झाला. ऑक्टोबर १९६३ मध्ये जॉन केनेडी यांनी या विषयावरील दोन कायद्यांवर स्वाक्षऱ्या केल्या. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड मैदानावर पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स झाले, तेव्हा सुमारे एक हजार खेळाडू आले होते. आज हे क्रीडांगण जगभर पसरले आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही त्याची आपल्या देशातील शाखा. महाराष्ट्रातील मुलेही त्यात उतरतात. भाऊ एडवर्ड यांनी अपंगांच्या हक्कांच्या १९९० च्या कायद्याचा पाठपुरावा केला, तर धाकटी बहीण जीन हिने १९७४ मध्ये अशा मुलांच्या कलाशिक्षणासाठी संस्था काढली.

रोझमेरीला यातले किती कळले असेल, कोण जाणे. पण उतारवयात ती सुट्टीला घरी येऊ लागली. समुद्रकाठच्या घरी युनिस तिला पोहायला नेई. चालताना तिचा पाय वाकडा पडे, एक हात पुरता उपयोगी नव्हता, शब्द मोजकेच होते. भाचरांना मात्र ती लहानपणापासून माहीत होती. त्यांच्यापुरती ती कधी लपवलेली मावशी वा आत्या नव्हतीच. त्यांच्यातील एकाने, युनिसच्या मुलाने, १९८९ मध्ये अशा तरुणांना मित्र मिळवून देणारी संस्था सुरू केली.

७ जानेवारी २००५ रोजी वयाच्या ८६ व्या वर्षी विस्कॉन्सिनमधील रुग्णालयात तिने देह ठेवला. तोवर नऊपैकी पाचच उरले होते. युनिस, पॅट्रिशिया, जीन आणि एडवर्ड हे चौघेही त्या वेळी तिच्या उशाशी होते. ब्रुकलाइन येथे, आईवडिलांच्या शेजारी तिला ठेवण्यात आले.