पत्र एक, पोचते वीसजणींना

मैत्रिणींनो, बचत गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवता ना? मग हप्त्याची आठवण दर महिन्याला वीसजणींना एकेक करून कशाला लिहायची? वर्डमधले ‘मेल मर्ज’ हे काम करते. संगणकात क्लासिक आऊटलुक मात्र हवे.

कृती : एक्सेलमध्ये नाव, ईमेल आणि बाकी रक्कम असे तीन रकाने करा. वर्डमध्ये एकच पत्र लिहा, ‘मेलिंग्ज’मधून ही यादी जोडा आणि नाव, रक्कम यांच्या जागी ते ते रकाने घाला. ‘मागील सभेचे इतिवृत्त’ हे शब्द निवडून कंट्रोल आणि के एकदम दाबा, लिंक चिकटवा. पाठवताना पत्राचा प्रकार ‘एचटीएमएल’ ठेवा. ‘प्लेन टेक्स्ट’मध्ये शब्दांमागे लिंक राहत नाही.

पुष्कळजणींची फसगत होते ती पुढेच! लिंक आपल्या संगणकातल्या फाईलची दिली, तर ती आपल्याकडे झटकन उघडते, दुसरीकडे मुळीच नाही. फाईल गूगल ड्राईव्हवर ठेवून तिथली लिंक घ्या. सभासदांना पाहण्याची परवानगी द्या. बदलण्याची नको हं!

पहिल्या खेपेला यादीत स्वतःचे आणि एका मैत्रिणीचेच नाव ठेवा. तिच्या मोबाईलवर लिंक उघडली, की मगच बाकीच्यांना पाठवा.

आणखी एक सोय म्हणजे प्रत्येकीला स्वतंत्र पत्र जाते. कुणाचा हप्ता थकला, हे चारचौघींत होत नाही. आठवणही राहते, मनही दुखावत नाही!