गोंदण पुसून सुटका कोणाची?

गोंदणाचे नाव निघाले की आपल्यातील पुष्कळ सुशिक्षित साथी नाक मुरडतात. अडाणीपणा, सरंजामी अवशेष, स्त्रीदास्याची खूण, हे शब्द त्यांच्या जिभेवर तयारच असतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मुळीच नाही. अजाण पोरीला चौघींनी धरून तिच्या कपाळावर व हनुवटीवर सुया टोचल्या जात, तेव्हा तिची संमती कोणी विचारीत नसे. नवऱ्याचे नाव बायकोच्या हातावर उमटे. बायकोचे नाव हातावर मिरविणारा नवरा विरळाच. हे सर्व मान्य करूनही गोंदण हे निव्वळ दास्य, हा निष्कर्ष मला उथळ वाटतो.

खान्देशातील शेतमजूर स्त्रीच्या मालमत्तेचा हिशेब मांडून पाहा. जमीन असलीच तर सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, आणि चांदीचे चार डाग पहिल्याच दुष्काळात सावकाराच्या पेटीत. गोंदण मात्र गहाण पडत नाही. मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच, असे जुन्या बायका म्हणत. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या मला त्यात मालकीहक्काची फार कठोर जाण दिसते. नवरा वारला की कुंकू पुसले जाई, बांगड्या फोडल्या जात, मंगळसूत्र तोडले जाई. या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने केला तो २०२२ साली! परंतु कपाळावरचा तो हिरवा ठिपका काढून घेण्याची युक्ती कोणत्याही भाऊबंदांना सापडली नव्हती. विधवेच्या अंगावर तेवढे एक लेणे शिल्लक राही. (मंगळसूत्राविषयी आमचे हेच टीकाकार सहसा बोलत नाहीत. ते त्यांच्या स्वतःच्या घरात असते.)

अंगावरची खूण दास्याची केव्हा होते, हे पाहायचे तर दृष्टी सत्तेकडे वळविली पाहिजे. बंगालात कंपनी सरकारने १७९७ च्या कायद्यान्वये जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर नाव व गुन्हा गोंदविण्याची शिक्षा रूढ केली आणि तिला नाव दिले 'गोदना'. बायकांच्या अंगणातला शब्द थेट तुरुंगात गेला! ती शिक्षा १८४९ साली रद्द झाली. पुढे गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या सुधारित कायद्याने हाताचे ठसे घेण्याची तरतूद केली आणि अवघ्या जमातींची नोंद पोलिसांच्या दप्तरात होऊ लागली. तो कायदा १९५२ साली संपला, वृत्ती संपली नाही. डिसेंबर १९९३ मध्ये अमृतसरच्या पोलिसांनी चार स्त्रियांच्या कपाळावर 'जेब कतरी' असे गोंदविले. पोलिसांना शिक्षा व्हायला २०१६ साल उजाडले. स्वतंत्र भारतात या न्यायाला तेवीस वर्षे लागली, याची लाज आपल्यातील किती जणांना वाटली?

आणि 'सुधारणा' म्हणून गोंदणावर बंदी घालणारे तरी कोण होते? जपानच्या राज्यकर्त्यांनी १८७१ साली ऐनू स्त्रियांचे व १८९९ साली ओकिनावातील स्त्रियांचे गोंदण बेकायदा ठरविले. जिंकलेल्या प्रदेशातील माणसांना आपल्या साच्यात बसविण्याचे ते राजकारण होते. त्यात त्या स्त्रियांची मुक्ती कोठेच नव्हती.

आज हेच काम बाजार करतो, तेही अधिक सफाईने. पुण्या-मुंबईच्या दुकानात हजारो रुपये मोजून काढलेली आकृती 'कला' ठरते. तीच तुळस, तोच विंचू पारोळा-चोपड्याच्या मुलीच्या हातावर असला की लग्नाच्या बोलणीत तिची किंमत उतरते. मग बाप कर्ज काढून लेझरच्या बैठका करवितो, कारण एका बैठकीत ते जात नाही. हुंड्यात पडलेली ही भर १९६१ च्या कायद्याला दिसत नाही. आणि जिच्या सुईला घरोघर सूपभर धान्य मिळे, त्या गोंदणारणीचे काय झाले? हातमाग विणकराचे झाले तेच.

सैन्यभरतीचा नियम पाहा. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू व तळहाताची मागची बाजू एवढ्याच ठिकाणचे गोंदण चालते; रूढीने गोंदवून घेणाऱ्या, परंतु केंद्र सरकारने घोषित केलेल्या जमातींनाच त्यातून सवलत. महाराष्ट्रात बहुतेक भटक्या-विमुक्तांचा प्रवर्ग वेगळा. त्यांच्या मुलीच्या हनुवटीवर आजीने तीन ठिपके दिले असतील तर ती सवलतीबाहेर. ही मागणी आपण कधी केली आहे काय? यात्रा-बाजारांत आता बॅटरीचे यंत्र फिरते. अमळनेरला बोरीच्या पात्रात वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, तशा गर्दीत एकच सुई अनेक हातांवर चालली तर कावीळ आणि एड्स या दोन्हींचा धोका. आरोग्य खात्याने गोंदणाऱ्यांना परवाना, प्रशिक्षण व प्रत्येक गिऱ्हाइकास नवी सुई द्यावी, अजाण मुलीला गोंदविण्यास मनाई करावी, आणि भरतीच्या नियमातील सवलत भटक्या-विमुक्तांनाही लागू व्हावी, यासाठी तालुक्या-तालुक्यांतून निवेदने गेली पाहिजेत. त्यांचा मसुदा करताना ज्यांच्या अंगावर गोंदण आहे अशा दोन बायका तरी समितीत असाव्यात.