ओला धान आणि यूएटी

दिवाळीनंतर चार दिवस लाखनीला, घरी होतो. धान चुरून झाला होता आणि मामा तो अंगणात वाळत घालत होते. मी शेजारी बसून मेल बघत होतो. क्लायंटने लिहिलं होतं की यूएटीच्या पहिल्याच दिवशी 'सेव्ह' दाबलं आणि स्क्रीन बंद पडली. आमच्या मॅनेजरचं उत्तर तयारच होतं, "मग यूएटी असते कशाला?"

माफ करा, पण यासाठी नसते!

सरकारी खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. तिथे तो मोजतात, हे मामांना ठाऊक आहे. म्हणून घरी वाळवायचं सोडतात का ते? ओला धान ट्रॅक्टर भरून नेला तर तसाच परत आणावा लागेल, वर भाडं अंगावर. वाळवणं, उफणणं पिकवणाऱ्याचं काम. घेणारा फक्त आपल्या मापाला उतरतो का ते बघणार.

आपलंही तेच. बटण चालतं का, तारीख रिकामी सोडली तर काय होतं, हजार लोक एकदम आले तर सर्व्हर टिकतो का, हे सगळं डेव्हलपरच्या अंगणातलं. "आमच्या ऑफिसात काम असंच चालतं का?" हे मात्र क्लायंटशिवाय कोणी सांगू शकत नाही. आपले बग वेचण्यातच त्याचे दिवस गेले, तर हा प्रश्न विचारायचाच राहतो.

आणि क्लायंट मंडळी, तुम्हीही सुटत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली सगळ्या शाखांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकाच सत्रात संगणकावर तपासायला घेतल्या. निकालाची ३१ जुलैची मुदत हुकली, ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुखांना पद सोडावं लागलं. पण पुढचे प्रवेश अडकलेल्या मुलांचं काय? त्यांनी ना ते सॉफ्टवेअर बनवलं होतं, ना विकत घेतलं होतं. खऱ्या माणसांकडून, खऱ्या आकाराच्या कामावर आधी चालवून बघणं आणि जमत नसेल तर तारीख पुढे ढकलणं, हे घेणाऱ्याचंच काम.

म्हणून करारातच लिहा. यूएटीआधी डेव्हलपर आपल्या टेस्टची यादी निकालासकट देईल. क्लायंट रोज ते काम करणारी माणसं देईल, आणि "थांबा" म्हणायचा हक्क त्याचा राहील. नुसती सही म्हणजे टेस्टिंग नव्हे.

मॅनेजरचं म्हणणं मामांना सांगितलं. ते धान हलवता हलवता म्हणाले, "केंद्रावर नेऊन वाळवता का रे बाबू?"