राहून गेलेली तपासणी

२ डिसेंबर २०२५च्या मध्यरात्री भोपाळच्या वायुकांडाला ४१ वर्षे पूर्ण झाली. त्या स्मरणदिनाला एक वेगळा संदर्भ होता. युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यात वर्षानुवर्षे पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५मध्ये बारा कंटेनरांतून मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरला नेण्यात आला आणि जूनअखेर तो जाळून झाला. त्यानंतर बऱ्याच जणांच्या बोलण्यात सुटकेचा सूर उमटला. एकदाचे प्रकरण मिटले, असे लोक म्हणू लागले. कारखान्याभोवतीच्या जमिनीत आणि भूजलात मुरलेल्या विषाचा प्रश्न कायम आहेच. पण जो वायू माणसांच्या छातीत गेला, त्याचा हिशेब कोणत्या कंटेनरात भरणार?

त्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट झोपलेल्या शहरावर पसरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासून बंद होती. निसटलेला वायू धुऊन काढणारी यंत्रणा उपयोगी पडली नाही आणि तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. धोका कोणालाच दिसला नव्हता असेही नाही. राजकुमार केसवानी हे भोपाळचे पत्रकार १९८२पासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून या कारखान्याविषयी सावध करत होते. कंपनीचे अमेरिकी प्रमुख वॉरन अँडरसन यांना ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळमध्ये अटक झाली. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळाला, सरकारी विमानाने त्यांना दिल्लीला पोहोचवण्यात आले आणि त्यानंतर २०१४मध्ये फ्लोरिडात मृत्यू येईपर्यंत ते एकदाही भारतीय न्यायालयासमोर उभे राहिले नाहीत. भारतीय अधिकाऱ्यांवरचे सदोष मनुष्यवधाचे कलम १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उतरवून निष्काळजीपणाचे केले. निकाल लागला जून २०१०मध्ये. शिक्षा दोन वर्षांची होती आणि दोषींना त्याच दिवशी जामीन मिळाला.

हे सगळे दर डिसेंबरात लिहिले जाते आणि लिहिले गेलेच पाहिजे. मला मात्र या वेळी जबाबदारीच्या दुसऱ्या एका चुकवाचुकवीबद्दल लिहायचे आहे. ती फौजदारी खटल्यात दिसत नाही, तिच्यावर मोर्चे फारसे निघाले नाहीत आणि माझ्या मते तिने पीडितांचे नुकसान निकालाइतकेच केले. माणसांना तपासत राहण्याचे काम आपण अर्ध्यावर सोडले.

फेब्रुवारी १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मृतांचा आकडा साधारण तीन हजार आणि जखमींचा एक लाखाच्या आसपास धरून ती झाली होती. पुढे दाव्यांची छाननी झाली, तेव्हा भरपाई मिळालेल्यांची संख्या पावणेसहा लाखांच्या घरात गेली. या तडजोडीच्या फेरविचारावर ३ ऑक्टोबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्याचा एक भाग फार थोड्यांच्या लक्षात आहे. न्यायालयाने म्हटले होते की वायूच्या संपर्कात आलेल्या लोकसंख्येवर किमान आठ वर्षे वैद्यकीय देखरेख ठेवावी, ठरावीक काळाने तपासण्या कराव्यात आणि त्यासाठी किमान पाचशे खाटांचे सुसज्ज रुग्णालय उभारावे. आज ज्यांना काही त्रास दिसत नाही पण उद्या होऊ शकतो, अशा सुमारे एक लाख लोकांसाठी सरकारने सामूहिक वैद्यकीय विमा काढावा, असेही त्यात होते.

या आदेशातली दूरदृष्टी मला आजही थक्क करते. जी इजा अजून दिसत नाही तीही अन्यायाचाच भाग आहे, हे एका न्यायालयाने १९९१मध्ये मान्य केले होते. इजा उशिरा दिसणार असेल, तर दोषाची जबाबदारीही तितकीच लांब चालली पाहिजे आणि ती चालते की नाही हे कळण्याचा मार्ग एकच, माणसाला पुन्हा पुन्हा बोलावून तपासणे. अंमलबजावणीची कहाणी मात्र दुःखद आहे. भोपाळ स्मारक रुग्णालयाचे दरवाजे २०००च्या सुमारास उघडले, म्हणजे घटनेनंतर जवळपास सोळा वर्षांनी. विमा तर काढलाच गेला नाही. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव भरपाईची केंद्राची याचिका फेटाळली, तेव्हा हा विमा न काढणे हा केंद्राचा घोर निष्काळजीपणा असल्याचे न्यायालयाने स्वतःच नोंदवले. त्यासाठी कोण जबाबदार, कोणत्या खात्यात फाइल अडली, कोणाला जाब विचारला गेला, याची चर्चा देशात झाली नाही. ज्या वाक्यावर अधिवेशन गाजायला हवे होते ते निकालपत्राच्या पानांत राहिले.

संशोधनाचे तसेच झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८५पासून बाधित वस्त्यांतल्या ८०,०२१ लोकांची नोंद करून त्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा सुरू केला होता. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर हा वायू माणसांच्या शरीरात गेल्याचे दुसरे उदाहरण नव्हते, त्यामुळे त्याचे दीर्घकाळचे परिणाम सांगू शकणारे हे एकमेव दफ्तर होते. १९९४मध्ये ते काम थांबले. पुढे २०१०मध्ये भोपाळमध्ये नवी संशोधन संस्था स्थापून धागा पुन्हा हाती घेतला गेला, पण मधल्या सोळा वर्षांत अनेकांनी घर बदलले आणि अनेक जण वारले. त्या वर्षांत त्यांना काय झाले होते हे आता कोणत्याही यंत्रावर दिसणार नाही. २०२३मध्ये 'बीएमजे ओपन' या वैद्यक नियतकालिकात एक अभ्यास आला. वायुकांडाच्या वेळी आईच्या पोटात असलेल्या मुलग्यांना पुढे अपंगत्व व कर्करोगाचा धोका अधिक असल्याचे त्यातून दिसले. या अभ्यासकांनी आधार घेतला तो मुख्यतः राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा, म्हणजे देशभरातल्या घरांसाठी केलेल्या सर्वसाधारण पाहणीचा.

कागदाचे मोल दुसऱ्या बाजूला चांगले ठाऊक होते. घटनेनंतरच्या काही महिन्यांत सायनाइडवर उतारा असलेल्या सोडियम थायोसल्फेटच्या इंजेक्शनांनी रुग्णांना आराम पडतो का, हा मोठा वाद होता, कारण आराम पडला तर रक्तात काय भिनले होते याचा तो पुरावा ठरणार होता. जून १९८५मध्ये पोलिसांनी ही इंजेक्शने देणाऱ्या जनस्वास्थ्य केंद्रावर छापा घातला, डॉक्टरांना व कार्यकर्त्यांना पकडले आणि रुग्णांच्या नोंदी उचलून नेल्या. त्याच वर्षी मेडिको फ्रेंड सर्कल या डॉक्टरांच्या गटाने वस्त्यांत जाऊन स्वतःची पाहणी केली. या गटाच्या जडणघडणीत महाराष्ट्रातल्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. सरकारी दवाखान्यात 'काही नाही' म्हणून परत पाठवलेल्या बायकांच्या पाळीच्या तक्रारी, गर्भपात, धाप लागणे, डोळ्यांना कमी दिसणे हे सारे त्यांनी लिहून काढले. आपल्याकडच्या वैद्यकीय इतिहासात या कामाची जितकी आठवण ठेवली जायला हवी तितकी ठेवली जात नाही.

या नोंदी नसल्याचा फटका भरपाईच्या वेळी बसला. दाव्यांच्या छाननीत माणसाला कागद मागितला जाई. त्या दिवसांत कुठे उपचार घेतले, एक्स-रे कुठे आहे, चिठ्ठी कुठे आहे? जे रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी पळाले, ज्यांना हमीदिया रुग्णालयाच्या व्हरांड्यात डोळ्यांत थेंब टाकून पुढे सरकवले गेले, त्यांच्याकडे चिठ्ठी कुठून असणार? पाच लाखांहून अधिक लोकांच्या इजा किरकोळ ठरल्या. कायमचे अपंगत्व नोंदले गेलेल्यांची संख्या पाच हजारांच्या आत राहिली. बहुतेकांच्या हाती आधी २५ हजार आणि २००४च्या आदेशानंतर पुन्हा तेवढीच रक्कम आली. वीस वर्षे दम लागत असलेल्या माणसाची इजा किरकोळ कशी, या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर वीस वर्षांच्या तपासण्यांचे कागद हवे होते. ते ठेवणे ज्यांचे काम होते, त्यांनीच ते ठेवले नाहीत आणि नसल्याची किंमत रुग्णाने मोजली.

भोपाळने देशाला एक चांगला कायदाही दिला. १९८७मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक प्रक्रियांसाठी नवे प्रकरण आले. त्यातल्या ४१-सी कलमानुसार रसायनांच्या संपर्कात येणाऱ्या कामगाराची कामावर घेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करायची, काम चालू असताना दर बारा महिन्यांच्या आत करायची आणि काम सोडल्यानंतरही करायची. त्याच्या प्रकृतीच्या नोंदी अद्ययावत ठेवायच्या आणि त्या त्याला पाहायला मिळाव्यात, असे त्यात होते. काम सोडल्यानंतरही, हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण फुप्फुसाचे बरेच आजार निवृत्तीनंतर उघडे पडतात.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायन कारखान्यात त्यांची नोकरी झाली. जिना चढताना मजल्यामजल्यावर थांबतात. मी त्यांना विचारले, कंपनीत तपासणी व्हायची का? म्हणाले, "व्हायची ना. नळीत फुंकायला लावायचे, रक्त घ्यायचे, सही घ्यायचे आणि जा म्हणायचे." अहवाल? "तो हापिसात राहायचा. आपण कशाला मागणार?" निवृत्तीनंतर त्यांना कोणी बोलावले नाही. आज त्यांचा डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो बिडीचा आणि त्यांनी तरुणपणी बिडी ओढलेली असल्यामुळे तिथेच विषय संपतो. कामावर लागले तेव्हा छाती कशी होती आणि सोडले तेव्हा कशी होती, हे दोन कागद समोर असते तर विषय तिथे संपला नसता. दोष बिडीचा किती आणि कारखान्याचा किती, हे मला ठाऊक नाही. त्यांनाही ठाऊक नाही, आणि ते ठरवता येऊ नये अशी व्यवस्था असणे हाच मला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

आपल्या घरांत आजाराकडे पाहण्याची एक जुनी सवय याला हातभार लावते. खोकला आला तर आपण स्वतःच्या खाण्याला, व्यसनाला, वयाला दोष देतो, नाहीतर नशिबाला. अंगावर काढणे हा आपल्याकडे सोशिकपणाचा गुण मानला जातो, विशेषतः बायकांचा. तपासणीला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, रांगेत उभे राहायचे आणि काही निघाले तर घर हादरायचे. ही भीती मी कमी लेखत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला वर्षातून एकदा छाती तपासून घ्या असा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, जोवर त्या दिवसाची मजुरी कोणी देत नाही. पण नोकरदार, शिकलेल्या, विमा असलेल्या वाचकाला मी कळकळीने सांगेन. वर्षाची तपासणी करा, तिचा कागद जपून ठेवा, आधीच्या वर्षाचा शेजारी लावा. रक्तदाब, साखर, श्वासाची चाचणी यांचा एकेकटा आकडा फार काही सांगत नाही, दहा वर्षांचे आकडे ओळीने मांडले की ते बोलू लागतात. तुमचे पाणी, तुमची हवा, तुमचे कामाचे ठिकाण यांच्याविषयी उद्या कोणाला जाब विचारायची वेळ आली, तर ते कागद तुमच्या बाजूने उभे राहतील.

डोंबिवलीत मे २०१६मध्ये आणि पुन्हा मे २०२४मध्ये रसायन कारखान्यांत स्फोट झाले. माणसे गेली, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या. दोन्ही वेळी धोकादायक कारखाने हलवण्याच्या घोषणा झाल्या. मृतांची मोजणी झाली, काचांचे पंचनामे झाले. त्या धुरात श्वास घेतलेल्या रहिवाशांना सहा महिन्यांनी, वर्षाने, पाच वर्षांनी बोलावून तपासण्याची योजना का असू नये? तारापूर, महाड, लोटे, रसायनी या पट्ट्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत श्वासाची क्षमता मोजणारे साधे यंत्र आणि नोंदवही असणे ही फार मोठी मागणी नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या. चाळीस वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी देणे मालकावर बंधनकारक होत आहे. या तरतुदीचे मनापासून स्वागत करावे. पण भोपाळ पाहिलेल्या देशाने स्वागतापाशी थांबू नये. रसायनांत काम करणाऱ्याला चाळिशीची वाट का पाहायला लावावी, तिशीतला कंत्राटी कामगार टाकी साफ करायला उतरतो त्याचे काय, कंत्राटदार बदलला की त्याच्या नोंदी कोणाकडे राहणार, हे प्रश्न राज्यांच्या नियमांत सुटायचे आहेत. महाराष्ट्राचे नियम ठरवताना कामगार विभागाने आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहाव्यात. अहवालाची प्रत मराठीत किंवा कामगाराला कळेल त्या भाषेत, त्याच्या हातात, तपासणीनंतर ठरावीक दिवसांत दिली जाईल. घातक प्रक्रियेत काम केलेल्याची तपासणी त्याने नोकरी सोडल्यानंतरही कारखान्याच्या खर्चाने चालू राहील, मग तो कायम असो वा कंत्राटी. आणि एखादा कारखाना बंद पडला किंवा विकला गेला, तर ही जबाबदारी विकत घेणाऱ्याकडे जाईल. युनियन कार्बाइड २००१मध्ये डाऊ केमिकलने विकत घेतली. भोपाळच्या जबाबदारीशी आपला संबंध नाही, असे ती कंपनी तेव्हापासून सांगत आली आहे.