गोल तिकडे, गप्पा इकडे

सावेडीत प्रोफेसर कॉलनी चौकातल्या चहाच्या टपरीवर रविवारी सकाळी पाच-सहा मुलं हमखास भेटतात. त्यांतला एक माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. रात्री दीड-दोनपर्यंत टीव्हीसमोर बसल्याच्या सगळ्या खुणा. मागे एकदा दूध घेऊन परतताना मी त्यांच्यात घटकाभर थांबलो. एक जण कळवळून सांगत होता, "काल आम्ही मधल्या फळीत मार खाल्ला." मला वाटलं, याला खरोखरच कुणीतरी बदडलं. 'आम्ही' म्हणजे मँचेस्टर युनायटेड, हे मागाहून उमगलं. दुसऱ्याचे 'आम्ही' लिव्हरपूल होते, तिसऱ्याचे बार्सिलोना.

"मामा, आजचा चहा याच्याकडं," भाच्यानं मला सांगितलं. "हरलेल्यानं पाजायचा, असा नियमच आहे आमचा."

हरलेला गृहस्थ राहतो केडगावला. मँचेस्टर सोडा, त्यानं अजून पासपोर्टही काढलेला नाही. पण सहा चहांचे पैसे त्यानं निमूटपणे मोजले, वर माझ्याही चहाचे दिले.

मी सहज विचारलं, "आपल्या नगरात कुठं सामने असतात का रे?" मुलं एकमेकांकडं पाहायला लागली. मग एक जण म्हणाला, "असतात की. कॉलेजच्या मैदानावर शाळांच्या स्पर्धा होतात. मीच खेळलोय." बघायला कोण येतं, असं विचारलं तर तो हसला. "आमचे सर यायचे. आणि एकाचे वडील."

तेव्हापासून हे उत्तर माझ्या डोक्यात घोळतं आहे. कारण नगरला फुटबॉल नवा नाही. लष्करी छावण्यांच्या गावांत हा खेळ पलटणींबरोबरच आला. १८८८ मध्ये सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा मुळात लष्करी संघांसाठीच होती. नगरची छावणी तर जुनीच, त्यात १९४८ पासून रणगाडा दलाचं केंद्र इथं आहे. म्हणजे मैदानं आहेत, खेळणारी मुलं आहेत, आणि रात्र जागवणारे शौकीनही काही थोडे नाहीत. २०२६ च्या विश्वचषकाचं यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोकडं, संघ ४८, आणि आपल्या घड्याळाप्रमाणं बरेचसे सामने मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत. एवढं वेळापत्रक आमच्या टपरीवर तोंडपाठ आहे. पाठ नाही ते कॉलेजच्या मैदानावरचं.

यात बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. गप्पा त्या गप्पा. मँचेस्टरच्या मारल्या काय आणि माळीवाड्याच्या मारल्या काय! मलाही तसंच वाटलं असतं; पण नव्वदच्या दशकात बँकेनं माझी कोल्हापूरला बदली केली आणि तीन वर्षं मी निराळाच प्रकार पाहिला.

शाखेत रुजू झालो त्या आठवड्यातलीच गोष्ट. आमचा रोखपाल शिवाजी पेठेतला आणि शिपाई मंगळवार पेठेतला. एका सोमवारी सकाळी रोखपालाच्या टेबलावर चहाच्या कपाशेजारी शिपायानं एक पिवळंधमक लिंबू ठेवलं. मी विचारलं, हे काय? तो अदबीनं म्हणाला, "काही नाही साहेब, कालपासून यांच्या तोंडाची चव गेलीय." आदल्या दिवशी शाहू स्टेडियमवर शिवाजी पेठेचा संघ हरला होता. रोखपाल काही बोलला नाही. पण पुढं महिन्याभरात पारडं फिरलं, आणि पगाराच्या दिवशी त्यानं शिपायाला सगळी रक्कम दोन-दोन रुपयांच्या नोटांत दिली. ती मोजायला शिपायाला दुपार पुरली नाही. याच शिपायाच्या मुलीच्या लग्नात पंगतीला जिलेबीचं ताट घेऊन फिरणारा माणूस म्हणजे आमचा रोखपाल!

कोल्हापूरचा फुटबॉल तालमींचा. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची. लाल मातीतल्या त्याच तालमींनी पुढं फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही नुसती संघांची नावं नाहीत, ती माणसांचे पत्ते आहेत. बचावफळीतला पोरगा शेजारच्या गल्लीतला असतो, त्याच्या आईला आपण ओळखतो, तो परीक्षेत कितव्यांदा नापास झाला हेही ठाऊक असतं. त्यानं चेंडू सोडला की प्रेक्षकांतून जी प्रतिक्रिया येते तिच्यात हा सगळा इतिहास असतो. रागही घरचाच असतो. स्टेडियमच्या पायऱ्यांवर नातवाला घेऊन बसलेले म्हातारे मी पाहिले, बायका पाहिल्या. सामना दीड तासाचा. त्याच्यावरची चर्चा मिसळीच्या टेबलावर, न्हाव्याच्या दुकानात, आमच्या काउंटरवर आठवडाभर पुरे. एका कर्जदारानं हप्ता भरायला आल्यावर मला विचारलं होतं, "साहेब, तुम्ही कुठल्या पेठेचे?" नगरचा म्हटल्यावर त्यानं खऱ्या काळजीनं विचारलं, "मग तुम्ही कुणाशी भांडता?"

तो प्रश्न थट्टेचा होता, पण अगदीच थट्टेचा नव्हता.

आता पुण्याकडं पाहा. नगरहून तीन तासांवर. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तिथं मोठे संघ आले किती आणि गेले किती! पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि काही वर्षांत त्यानं गाशा गुंडाळला. भारत एफसी एकाच हंगामाचा पाहुणा. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम टिकला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये आयएसएलबरोबर आला. २०१७-१८ मध्ये तो उपांत्य फेरीपर्यंत पोचला, तेव्हा आमचा भाचा मित्रांसह एसटीनं बालेवाडीला जाऊन आला होता, नारिंगी शर्ट घालून. २०१९ मध्ये त्या संघाची जागा हैदराबादला गेली. "तुमचा संघ हैदराबादचा झाला, मग तुम्ही?" असं मी तेव्हा विचारलं, त्यावर तो काही बोलला नाही. शर्ट अजून आहे, होळीला घालतो. मुंबईत १८९१ पासूनची रोव्हर्स स्पर्धा या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली, आणि राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये मिटला. आज आयएसएलमध्ये महाराष्ट्राचा म्हणून एकटा मुंबई सिटी. खुद्द त्या आयएसएलचा २०२५-२६ चा हंगाम व्यापारी हक्कांच्या घोळात अडकून फेब्रुवारीत सुरू झाला.

मी हयातभर ताळेबंद वाचले आहेत. तोट्यातला व्यवहार मालकानं बंद केला तर त्याला दोष देणं माझ्या स्वभावात नाही. तालमीचा संघ मात्र कुणी बंद करीत नाही, कारण त्याला मालकच नसतो. तो वर्गणीवर आणि हट्टावर चालतो. तालमींनाही आता बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडू आणावे लागतात, खर्च वाढला आहे, जुनी माणसं कुरकुरतात. पण हंगाम आला की संघ उतरतो.

या सगळ्यात २०२५ च्या डिसेंबरात मेस्सी भारतात येऊन गेला. १३ तारखेला कोलकात्यात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या लोकांना पुढाऱ्यांच्या आणि मान्यवरांच्या कोंडाळ्यातून त्याचा चेहराही धड दिसला नाही. वीसेक मिनिटांत तो निघून गेला आणि खुर्च्या मोडल्या, बाटल्या उडाल्या. आयोजकाला अटक झाली. 'गर्दीचं नियोजन चुकलं' असं सगळे म्हणाले. ते खरंच आहे. पण २ सप्टेंबर २०११ रोजी याच सॉल्ट लेक मैदानावर मेस्सी अर्जेंटिनाकडून व्हेनेझुएलाविरुद्ध खेळला होता आणि लोक तृप्त होऊन घरी गेले होते, कारण तेव्हा सामना होता. घरी जाऊन बोलायला काहीतरी होतं. यंदा दर्शन होतं, आणि तेही झालं नाही.

हे कोलकात्यात व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. कारण गप्पांच्या बाबतीत ते शहर कोल्हापूरचा थोरला भाऊ. मोहन बागान जिंकला की कोळंबी आणि ईस्ट बेंगाल जिंकला की हिलसा, असा तिथला शतकभराचा शिरस्ता. कोण जिंकलं ते संध्याकाळी मासळीबाजारात कळावं! स्वयंपाकघरापर्यंत पोचलेली अशी थट्टा विकत मिळत नाही.

अर्थात थट्टेचा तोल सुटतोही, हे लपवण्यात अर्थ नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ प्रेक्षकांचा जीव गेला. कोल्हापुरातही अलीकडं हाणामाऱ्या, दगडफेक झाली, पोलिसांना मध्ये पडावं लागलं. तिथले माझे जुने मित्र फोनवर म्हणतात, सगळं खापर मोबाइलच्या स्टेटसवर फोडता येणार नाही. पण फरक पडला आहे. लिंबू समोरासमोर ठेवलं होतं. ठेवणाऱ्याला रोखपालाचा चेहरा दिसत होता, मर्यादा कुठं संपते ते कळत होतं, आणि संध्याकाळी दोघांना एकाच बसनं घरी जायचं होतं. रात्री अकराला टाकलेलं स्टेटस कुठं जाऊन कुणाला लागतं, हे टाकणाऱ्याला दिसत नाही. मला हे म्हणणं पटतं.

आणि म्हणूनच नगरच्या टपरीवरच्या मुलांचं मला कौतुकही वाटतं आणि थोडी हळहळही. त्यांची थट्टा कधी चिघळत नाही, कारण तिच्यात कुणाचं काही अडकलेलं नाही. केडगावकराला मँचेस्टरचं दुःख तास-दोन तास पुरतं. मेस्सीच्या मुंबईभेटीत, १४ डिसेंबरला वानखेडेवर, राज्य सरकारनं 'प्रोजेक्ट महादेवा' पुढं आणला. १३ वर्षांखालच्या मुलामुलींना हेरून तयार करायचं, अशी योजना. चांगलीच आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार होऊन २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा असं होऊ शकतं हे दिसलंच आहे. पण अनिकेतच्या पाठीशी सबंध गाव होतं, नाक्यानाक्यावर त्याची चर्चा होती. उद्या नगरचा एखादा मुलगा निवडला गेला, तर त्याच्याबद्दल आमच्या चौकात बोलेल कोण? सरकार मुलं निवडू शकतं. प्रेक्षक कसे निवडणार? त्यासाठी सावेडी विरुद्ध भिंगार, केडगाव विरुद्ध माळीवाडा असे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सामने लागतात, एका बाजूला सावली लागते, आणि या दैनिकाच्या आतल्या पानावर दोन ओळी लागतात. यापेक्षा फार भांडवल लागत नाही, हे मी कर्ज मंजूर करणाऱ्याच्या अनुभवानं सांगतो.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो 'हो मामा' म्हणाला आणि विषय बदलला. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर. नंतर एका शनिवारी त्याचा फोन आला : "कॉलेजच्या मैदानावर तीनला शाळेचा सामना आहे. आमच्यातले दोघं एका शाळेचे, दोघं दुसऱ्या. येता का?"

गेलो. ऊन होतं, सावली नव्हती. प्रेक्षक मोजले तर एकवीस भरले, त्यांत आम्ही सात. पोरं चिवटपणे खेळत होती. उत्तरार्धात गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला, तेव्हा केडगावकर ताडकन उभा राहून ओरडला, "अरे, तुझ्या थोरल्या भावानंही असाच सोडला होता!" गोलरक्षकानं वळून पाहिलं आणि तो हसला. थोरला भाऊ आमच्यातच बसला होता. त्यानं कपाळावर हात मारला.

केडगावकराचीच शाळा हरली. टपरीवर सात चहा सांगून तो म्हणाला, "पुढच्या शनिवारी बघतो तुमच्याकडं."